सायकल जी आणेल तिचं नाव

“लाल! लाल पुढं हाय!”

खडकावर उभ्या असलेल्या हैबतीमामांनी हाळी दिली.

खिंडीतल्या मारुतीसमोर आम्ही सात मुली उभ्या होतो. खालून आमच्या सात जोडीदारणी सात सायकली चढवत होत्या. वळणांमुळे आम्हाला घाट दिसत नव्हता, तो दिसायचा फक्त खडकावरून. म्हणून प्रत्येक सायकलीच्या हँडलला वेगळ्या रंगाचं फडकं बांधलेलं, आणि हैबतीमामा रंग पुकारायचे. लाल फडकं जयश्री माळीच्या सायकलीचं. जयश्री माझ्या शेजारीच उभी होती. ती हसली.

“मामा, जांभळी कुठंय?” मी ओरडले. मी पिठाच्या गिरणीत वाढलेली. मला हळू बोलता येत नाही, आजही येत नाही.

“जांभळी दिसंना!”

“नीट बघा की!”

“अगं, डोळं फुटल्यात का माझं? न्हाई दिसत म्हणजे न्हाई दिसत!”

“तुझी वहिनी वाटेत भाकरी थापायला बसली असेल,” जयश्री म्हणाली. मी तिला जे उत्तर दिलं ते इथं सांगण्यासारखं नाही. मारुतीसमोर होते तरी दिलं.

आता ही सगळी काय भानगड ते सांगते. आमच्या हिवरगावात पहिली सायकल आली ती तांबट आळीतल्या दोन भावांनी मिळून घेतलेली. सदू थोरला, नागू धाकटा. सायकल एक आणि मालक दोन, म्हणजे रोजची भांडणं. त्यात शेजारच्या गावच्या पोस्टमनशी पैज लागली, खिंडीपर्यंत जाऊन परत यायचं. शर्यतीत कुणी बसायचं यावरून भाऊ एकमेकांच्या उरावर बसले. शेवटी त्यांच्या आईनं निकाल दिला: एकानं चढवा, एकानं उतरवा. सदूनं सायकल वर नेली, नागूनं खाली आणली, आणि पैज जिंकली. लोकांनी नागूला खांद्यावर घेतलं. सदू बिचारा घाटातून पायी चालत गावात पोचेपर्यंत गुलाल संपला होता.

तेव्हापासून भैरोबाच्या यात्रेत खिंडीची शर्यत होते, आणि होते ती तशीच. एक सायकल, दोन गडी. वर गेल्यावर सायकल कुणी न्यायची हे जोडीनं तिथंच ठरवायचं. एखादा तगडा गडी चढून आला तसाच उतरूनही जायचा, त्याला कुणी हरकत घेत नसे. पण बहुतेक वेळा चढणारा दमलेला असायचा आणि वर उभा असलेला ताजा गडी सायकल घ्यायचा. चावडीच्या भिंतीवर नाव लागतं ते सायकल घेऊन येणाऱ्याचं. चढवणाऱ्याला नारळ देतात.

मी बारावीत होते त्या वर्षी यात्रा कमिटीला काय सुचलं कोण जाणे, मुलींची शर्यत जाहीर झाली. गावात पहिल्यांदाच. आणि पुण्याहून ओहोळ सर येणार होते. ते सायकलपटू तयार करायचे, त्यांचं शिबिर असायचं. कमिटीशी त्यांचं बोलणं झालं होतं: जी मुलगी सायकल घेऊन पहिली येईल, तिला शिबिरात एक जागा. राहणं, जेवण, सायकल सगळं त्यांचं.

मला ती जागा हवी होती. हवी म्हणजे काय, त्या जागेशिवाय मला दुसरं काही दिसत नव्हतं. गिरणीची काळी सायकल घेऊन मी सहावीपासून घरोघर दळणं पोचवायचे. कॅरिअरवर दोन डबे, केसात पीठ, आणि उतारावर हात सोडून सुसाट. लोक आईला येऊन सांगायचे, तुमची नलू एक दिवस मरणार.

माझी जोडीदारीण होती पुष्पा. शर्यतीच्या आठ दिवस आधी तिच्या आईनं तिला मामाकडं पाठवून दिलं, पायात सायकलीचं वेड शिरलंय म्हणून. झालं! जोडी मोडली. मी गिरणीत पोत्यांवर बसून भोकाड पसरलं.

वहिनी जातं झाडत होती. द्वारकावहिनी. माझ्या दादाची बायको, वर्षापूर्वी आलेली, माझ्याहून चारच वर्षांनी मोठी. फार बोलायची नाही. मला वन्सं म्हणायची आणि अहोजाहो करायची, कारण आईनं तसं सांगितलं होतं.

“वन्सं,” ती म्हणाली, “चढवायलाच कुणीतरी पायजे ना?”

“हो. मग?”

“मी चढवते की.”

मी रडायची थांबले. “तुम्हाला सायकल येते?”

“आमचं उंबरपठार. शाळा खाली आणि घर वर. सातवीपासून धाकल्या भावाला पुढं बसवून सायकलनं यायचे. सांजच्याला सगळा चढच.”

“उतरून ढकलत असाल!”

“पहिल्या वर्षी,” ती म्हणाली आणि पुन्हा झाडायला लागली.

आईनं कानावर हात ठेवले. “सून सायकलीवर? अहो, गाव काय म्हणंल?”

अण्णा जात्याला टाकी लावत होते. त्यांनी मान वर केली नाही. “म्हणू दे. दळण आपल्याकडंच टाकतंय ना?” मग माझ्याकडं बघून म्हणाले, “पण नलू, एक सांगून ठेवतो. पहिली आलीस तर जा पुण्याला, मी आडवा येणार न्हाई. न्हाई आलीस तर सायकल गिरणीची आणि तूबी घरची. येत्या उन्हाळ्यात तुझं लग्न उरकायचं. परत शिबिराचं नाव काढायचं न्हाई.”

अण्णांचा शब्द म्हणजे शब्द. मी हो म्हटलं.

“मला कुणी विचारणार हाय का?” दादा दारातून म्हणाला. “बायको माझी हाय.”

“विचारलं असतं तर हो म्हणाला असता ना?” वहिनीनं विचारलं.

“ते म्हणालो असतो म्हणा.”

“मग झालं की.”

पुढचे आठ दिवस उजाडायच्या आत आम्ही दोघी घाटाच्या पायथ्याला जायचो. पहिल्या दिवशी तिनं साडीचा काष्टा घातला, पदर खोचला, सायकलवर बसली आणि चढाला लागली. मी मागून पळत होते. पहिल्या वळणापर्यंत पळाले, मग मला धाप लागली आणि ती दिसेनाशी झाली. परत आली तेव्हा कपाळावर चार थेंब घाम होता. मी तोंड उघडं टाकून बघत राहिले.

“काय बघताय वन्सं?”

“तुम्ही माणूस आहात का कोण?”

“गप बसा,” ती म्हणाली, पण खूश झाली. ते मला कळलं, कारण घरी जाताना ती चक्क गुणगुणत होती.

तर अशी वहिनी, आणि जांभळी कुठं दिसत नव्हती.

“लाल दुसऱ्या वळणाला!” हैबतीमामा ओरडले. “मागं हिरवी! पिवळी उतरली, पिवळी ढकलतीय!”

“आणि जांभळी?”

“मगापासनं विचारतीयास, असती तर सांगितलं नसतं का?”

मला कळून चुकलं की काहीतरी झालंय. पडली असेल. चेन तुटली असेल. मला एकदम येत्या उन्हाळ्यातला मांडव दिसायला लागला. पायाखालची माती मी चपलेनं उकरत बसले. जयश्री आता हसत नव्हती, सायकल घ्यायच्या तयारीनं ती पुढं जाऊन उभी राहिली होती.

“थांबा, थांबा,” मामा म्हणाले. “लालच्या मागनं कुणीतरी येतंय. जोरात येतंय! आरं, हिच्या हँडलला फडकंच न्हाई!”

“कोण आहे?”

“काय कळंना! लालला गाठलं. गेली! गेली की पुढं! बिनफडक्याची पुढं!” मामा खडकावर नाचायला लागले. मग एकदम आवाज खाली आणून म्हणाले, “आरं देवा. बाईच्या खांद्यावर पदर न्हाई.”

शेवटच्या वळणावरून वहिनी आली ती पॅडलवर उभी राहून. साडी गुडघ्यापासून खाली फाटून गेलेली, उरलेली कमरेला करकचून बांधलेली, कोपर सोललेलं, अंबाडा सुटलेला. नंतर कळलं, पहिल्या चढालाच साडीचा सोगा चेनमध्ये गेला. ती आपटली आणि हँडलचं फडकं दरीत उडालं. सोगा काही केल्या निघेना. सगळ्या जणी पुढं निघून गेल्या. मग तिनं दातानं साडी फाडली आणि पुन्हा सुरुवात केली. सगळ्यांत शेवटी होती, तिथून ती पहिली आली होती.

तिच्या मागून ओहोळ सरांची जीप आली. जीप थांबायच्या आत सर उडी मारून उतरले आणि तिच्या बाजूनं चालत, जवळजवळ पळत, तिला काहीतरी सांगू लागले. हातवारे करून सांगत होते. मला ऐकू आलं नाही. ऐकायला मला सवडही नव्हती. मी पुढं झाले आणि हँडल धरलं.

वहिनीनं ते सोडलं नाही.

“वहिनी, सोडा!”

ती माझ्याकडं बघत नव्हती. ती घाटाकडं बघत होती, ज्या रस्त्यानं वर आली त्याच रस्त्याकडं. छाती धपापत होती. दोन्ही मुठी हँडलवर गच्च आवळलेल्या. मला वाटलं दमलीय, भान राहिलेलं नाही.

“वहिनी, सोडा की! लाल आली!”

खरंच आली होती. जयश्रीची जोडीदारीण वळणातून बाहेर पडत होती. वहिनीनं एकदा सरांकडं बघितलं आणि मान हलवली. मग माझ्याकडं वळली आणि मुठी सोडल्या.

“नलू,” ती म्हणाली. वर्षभरात पहिल्यांदा. “नलू, तिसऱ्या वळणाला खडी पडलीय. तिथं ब्रेक लावू नको. अंग आत टाक आणि सोडून दे. सायकल आपली आपण वळती. जा!”

मी गेले.

उताराचं काय सांगू? उतार मला येत होता. वारा कानात घुसत होता आणि मी हँडलवर वाकून ओरडत होते, काय ओरडत होते देव जाणे. तिसऱ्या वळणाला खडी दिसली आणि हात आपसूक ब्रेककडं गेला. मग वहिनीचं बोलणं आठवलं. हात आवरला, अंग आत टाकलं. चाक एकदा घसरलं, पुन्हा धरलं, आणि मी वळणाबाहेर होते. मागून जयश्रीच्या ब्रेकचा कर्कश आवाज आला आणि बराच वेळ येत राहिला. तिथंच तिचं अंतर पडलं. सपाटीवर तिनं मला जवळजवळ गाठलं, तिचा श्वास माझ्या पाठीवर ऐकू येत होता, पण चावडी आली.

मी पहिली आले. बायकांनी मला उचललं. बायकांनी! पदर खोचून, हसत, ओरडत. कुणाचा तरी गुलाल माझ्या तोंडात गेला. अण्णा लांब उभे होते, त्यांनी नुसती मान डोलावली आणि उपरण्यानं तोंड पुसलं. भिंतीवर नाव रंगवलं गेलं: नलिनी भोईटे.

वहिनी बाकीच्या बायकांबरोबर चालत आली तेव्हा गुलाल संपला होता. आई तिला बघून धावली. मला वाटलं आता साडीवरून रामायण होणार. आईनं अंगावरची शाल काढून तिच्या कमरेला गुंडाळली आणि म्हणाली, “लई लागलं का गं?” त्या संध्याकाळी आईनं तेल गरम करून तिच्या पोटऱ्या चोळल्या. सासूनं सुनेच्या! वहिनी लाजून पाय ओढून घेत होती आणि आई दरडावत होती, “गप पड.”

चढवणाऱ्याचा नारळ वहिनीला मिळाला. त्याच नारळाच्या वड्या करून तिनं मला पुण्याला जाताना डब्यात दिल्या.

पुढचं सगळं त्या डब्यापासून सुरू झालं. शिबिर, राज्याची पदकं, देशाच्या संघात दोन वर्षं, खेळाडू म्हणून नोकरी, मग माझ्या हाताखाली तयार झालेल्या पोरी. चढात मी आयुष्यभर कच्चीच राहिले. ओहोळ सर शिव्या द्यायचे, “भोईटे, घाट आला की तुझी म्हैस होते!” आणि पुष्कळदा शिव्या संपल्यावर विचारायचे, “तुझी वहिनी काय करते गं?” मी सांगायचे, गिरणी बघते. दादानं टेम्पो घेतला तेव्हापासून गिरणी वहिनीच चालवते. शेजारी मिरचीकांडपाचं यंत्र बसवलंय, दिवाळीत तिच्याकडं पहाटेपासून रांग असते. सर हं म्हणायचे आणि विषय बदलायचे. मला वाटायचं, माणुसकी म्हणून विचारतात.

गेल्या वर्षी सरांचा पंचाहत्तरीचा सत्कार झाला. जेवणं झाल्यावर त्यांनी मला जवळ बसवून घेतलं.

“भोईटे, तुला एक विचारायचं होतं. तुझ्या वहिनीनं तुला कधी सांगितलं का?”

“काय सर?”

“म्हणजे नाही सांगितलं.” त्यांनी खुर्ची जवळ ओढली. “त्या दिवशी मी जीपमधून तिच्या मागे होतो. ती पडली ते बघितलं, उठली ते बघितलं. चेनमध्ये अडकलेली साडी फाडून ती सहा जणींना मागं टाकून वर आली, ते मी आयुष्यात पुन्हा कुठं बघितलं नाही. खिंडीत मी तिला म्हणालो, मुली, सायकल सोडू नकोस. तूच उतर. अशीच जा, तुला कुणी गाठू शकत नाही. जागा तुझी आहे. तुझ्या घरच्यांशी मी बोलतो.”

मी इतक्या मोठ्यानं विचारलं की शेजारची माणसं वळून बघायला लागली:

“ती काय म्हणाली?”

“काही नाही. हँडल धरून उभी राहिली. मला वाटलं, जाते. खरंच वाटलं. मग माझ्याकडं बघून मान हलवली.” सरांनी माझ्या हातावर थोपटलं. “तू वाईट नव्हतीस गं. पण मी आलो होतो ते एक मुलगी शोधायला, आणि ती मला मिळाली होती.”

दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.नं मी हिवरगावला गेले. वहिनी गिरणीतच होती. आता ती पंजाबी ड्रेस घालते, पट्ट्यात पदर अडकायची भीती नको म्हणून. भुवयांवर पीठ, आणि तशात चष्मा.

“न कळवता? बरं हाय ना सगळं?”

“वहिनी, खिंडीत सरांनी तुम्हाला काय सांगितलं होतं?”

तिनं गिरणी बंद केली. एकदम शांत झालं. बाहेर दळण घेऊन थांबलेल्या बाईला ती म्हणाली, “मावशी, अर्ध्या तासानं या,” आणि माझ्यासमोर पोत्यावर बसली.

“सांगितलं का त्यांनी? म्हातारपणी माणसाला राहवत न्हाई बघ.”

“तुम्ही का नाही गेलात?”

“कुठं?”

“वेड पांघरू नका. तुम्हाला नको होतं का?”

“नको कशाला असंल?” ती पटकन म्हणाली. मग थांबली. “हवं होतं की. पण नलू, खरं सांगू? मला चढ यायचा. उतार कधी जमलाच न्हाई. भीती वाटायची. तिथनं मी उतरले असते तर दरीत गेले असते आणि जागा जयश्रीला मिळाली असती. त्यापेक्षा तू बरी.”

“खरंच?”

“आता तुझी शपथ घेऊ का? ऊठ, चहा टाकते.”

मी विश्वास ठेवला. ठेवला म्हणजे, तेव्हा मला तो ठेवायचा होता. निदान तिचं काही गेलं नाही, असं वाटून मला बरं वाटलं. आणि तरीही रात्रभर मी चावडीच्या भिंतीवरच्या त्या ओळीचा विचार करत पडून राहिले. माझं जे काही झालं ते सगळं या बाईमुळं झालं, आणि मी तिला आजवर दिवाळीला साड्या देत होते. साड्या!

सकाळी मी यात्रा कमिटीकडं गेले. त्या वर्षीच्या यात्रेला प्रमुख पाहुणी म्हणून मलाच बोलावलं होतं. मी म्हटलं, नारळ दुसऱ्या कुणाकडून फोडून घ्या, मी शर्यतीत उतरतेय. पन्नाशीपुढच्या बायकांचा एक गट करा.

“पण ताई, त्या गटात कोण येणार?” अध्यक्ष पोरसवदा होता. डोकं खाजवायला लागला.

“मी आणि माझी वहिनी.”

“आणि बाकीच्या जोड्या?”

“आल्या तर आल्या.”

आल्या नाहीत. आमच्या गटात आमची एकच जोडी.

वहिनीला मी पटवलं ते असं: “चढणार मी, उतरणार पण मीच. तुम्ही फक्त वर पाण्याची बाटली घेऊन उभ्या राहा.” तिनं अट घातली, सायकल गिरणीचीच घ्यायची. ती काळी सायकल अजून भिंतीला टांगलेली होती. दादानं तेलपाणी केलं, नवे टायर घातले, आणि वहिनीला टेम्पोतून वर नेऊन सोडलं.

काय तो घाट! आयुष्यभर सायकल चालवली, पण त्या दिवशी मला चढ म्हणजे काय ते समजलं. पहिल्या वळणाला मांड्या पेटल्या. दुसऱ्याला डोळ्यांपुढं काजवे. बाजूनं कॉलेजच्या पोरी गिअरच्या सायकलींवरून सळसळत जात होत्या, “चला मॅडम, चला!” म्हणत होत्या, आणि मला त्यांचा गळा दाबावासा वाटत होता. शेवटच्या वळणाला मी उतरले आणि सायकल ढकलली. लाज कसली! वहिनी हेच चेनमध्ये साडी घेऊन, सोललेल्या कोपरानं चढली होती.

मारुतीसमोर ती बाटली घेऊन उभी होती. मला बघून हसायला लागली. “आलीस का? मला वाटलं वाटेत भाकरी थापायला बसलीस.”

म्हणजे जयश्रीचं ते बोलणं तिच्याही कानावर गेलं होतं तर.

मी बाटली घेतली आणि हँडल तिच्या हातात दिलं.

“हे काय?”

“उतरा.”

“अगं, ठरलंय काय आणि तू...”

“सायकल कुणी न्यायची ते वर आल्यावर ठरवायचं असतं. मी दमलेय. मला होत नाही. तुम्ही नाही नेलीत तर पहिला नंबर रद्द होईल. भीती वाटत असली तर हळू जा, ब्रेक दाबून जा, चालत गेलात तरी चालेल. मागं कुणी नाही.”

तिनं हँडल धरलं. दोन्ही मुठी आवळल्या. घाटाकडं बघितलं, तसंच, अगदी त्या दिवशीसारखं. या वेळी मी घाई केली नाही. लागेल तितका वेळ तिला उभं राहू दिलं.

मग तिनं चष्मा काढून माझ्याकडं दिला, ओढणी कमरेला बांधली आणि टांग टाकली.

मी टेम्पोत दादाच्या शेजारी चढले. “दादा, हळू. जवळ राहा, ती घाबरेल.”

“कोण घाबरंल?”

“वहिनी. तिला उताराची भीती वाटते ना.”

दादानं गिअर टाकता टाकता माझ्याकडं असं बघितलं, जणू मी काहीतरी येडचाप बोलले आहे. “भीती? हिला?”

पहिल्या वळणाला वहिनी आमच्या पुढं होती. दुसऱ्या वळणाला बरीच पुढं होती. हँडलवर वाकलेली, कोपरं आत, पिठानं पांढरे झालेले की वयानं झालेले ते केस मागं उडत होते. तिसरं वळण आलं. तिनं अंग आत टाकलं, सायकल तिरकी झाली आणि आपली आपण वळली. ब्रेकचा आवाज आलाच नाही. दादाचा टेम्पो मागं पडला.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. शाळा खाली आणि घर वर. जी मुलगी रोज संध्याकाळी चढून घरी यायची, ती रोज सकाळी त्याच रस्त्यानं उतरत असणार. भावाला पुढं बसवून, वर्षानुवर्षं. खडीवर ब्रेक लावायचा नाही हे काय चढताना शिकतात? आणि हे मला, सायकल शिकवून पोट भरणाऱ्या बाईला, इतक्या वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं. मी टेम्पोत रडायला लागले. मोठ्यानं रडले, मला हळू रडताही येत नाही. दादानं हात पुसायचं फडकं पुढं केलं.

आम्ही चावडीला पोचलो तेव्हा बायकांनी वहिनीला उचललेलं होतं. आमची लाजाळू वहिनी, वर हवेत, कपाळापासून हनुवटीपर्यंत गुलाल, आणि तोंडानं “अगं सोडा, पडंन मी, सोडा” चाललेलं. रंगारी ब्रश घेऊन भिंतीशी उभा होता.

“नाव काय टाकू?” त्यानं विचारलं.

“द्वारका भोईटे,” मी ओरडले. सगळ्या चावडीला ऐकू गेलं. “मोठ्या अक्षरात काढ!”

तिला खाली उतरवल्यावर मी तिचा चष्मा तिला दिला. माझ्या बाजूनं खूप काही बोलायचं ठरवलं होतं. खिंडीपासून जुळवत आले होते. पण तिचे लुकलुकणारे डोळे बघितले आणि माझ्या तोंडातून एवढंच निघालं:

“वहिनी, तुम्हाला उताराची भीती वाटते ना?”

तिनं चष्म्यावरचा गुलाल ओढणीनं पुसला, चष्मा घातला आणि भिंतीवर उमटत चाललेलं आपलं नाव नीट वाचलं.

“वाटती की गं,” ती म्हणाली. “म्हणून तर भराभरा उतरून टाकला.”